दोष सुनेचा नाही, ते दोन्ही घरांकडून आलंय

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पत्र जरा मोठं होणार आहे, पण विषय असा आहे की चार ओळीत सांगितला तर अर्धवट समजतो, आणि अर्धवट समजल्यामुळेच आमच्या घरात एका बाईने वर्षानुवर्षं नको ते ऐकून घेतलंय, म्हणून सविस्तरच लिहिते.

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची मुलगी, म्हणजे माझी भाची, जन्मापासून वर्णकहीन आहे. डॉक्टर त्याला अल्बिनिझम म्हणतात. केस पांढरट पिवळे, भुवया-पापण्या पण तशाच, कातडी गुलाबी गोरी, डोळे निळसर राखाडी. आता ती तेवीस वर्षांची आहे, बी.कॉम. झालीय, नाशिकरोडला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम बघते. हे पत्र तिला वाचून दाखवूनच पाठवतेय, तिचं नाव मात्र देत नाहीये आणि माझंही देऊ नये ही विनंती.

लिहायचं कारण असं झालं की मध्यंतरी निफाडकडे एका लग्नात आमच्या भावकीतल्या बायका जेवायच्या पंगतीतच मला म्हणाल्या, अगं तुझा मुलगा लग्नाचा आहे ना, मग दे की जमवून, मामाचीच तर पोर आहे, घरातल्या घरात होऊन जाईल, बाहेर तिला कोण करणार. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता हे मला माहितीय, आपल्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय, त्यांना वाटलं पोरीची सोय होतेय. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. तर दुसऱ्या दिवशीपासून फोनवर फोन, की बघा, सख्ख्या आत्यालाच नको झाली, मग बाहेरच्यांना काय नावं ठेवायची. वहिनीच्या कानावर पण गेलं. ती काही बोलली नाही पण मला माहितीय तिला काय वाटलं असेल, कारण हे बोलणं ती पोरगी जन्मली त्या दिवसापासून ऐकतेय.

भाची जन्मली तेव्हा वहिनी जेमतेम बाविशीची होती. बाळ बघितल्या बघितल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ग्रहणात हातात सुरी धरली असणार, केशराचं दूध जास्त प्यायली असणार, दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या पोर काळं होईल म्हणून फेकून दिल्या असणार, असं ज्याला जे सुचेल ते. एका बाईने तर तिच्या चारित्र्यावर घेतलं, तेही बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी उभं राहून, आतमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दादा गप्प बसला. आमची आई, देव तिचं भलं करो, ती पण म्हणाली की आमच्या घराण्यात असं कुणी नाही, हे तिच्या माहेराकडून आलंय. आणि वहिनीच्या माहेरचे म्हणाले की आमच्यात पण कुणी नाही, मग हिच्याच हातून काहीतरी झालं असणार. म्हणजे दोन्ही घरांनी हात झटकले आणि मधल्यामध्ये ती एकटी राहिली.

आता खरं काय आहे ते सांगते. मी डॉक्टर नाही, पण भाचीसोबत डोळ्यांच्या, कातडीच्या आणि जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जाऊन जाऊन आणि वाचून वाचून हे मला पाठ झालंय.

आपल्या कातडीला, केसांना, डोळ्यांच्या बुबुळाला जो रंग असतो तो मेलॅनिन नावाच्या द्रव्याचा. ते बनवणाऱ्या पेशी माझ्या भाचीच्या अंगात पण आहेत, तुमच्या माझ्या इतक्याच आहेत, फक्त त्या रंग बनवत नाहीत किंवा फार कमी बनवतात. कोड वेगळं, त्यात रंगाच्या पेशी नंतर कधीतरी मरतात आणि डाग पडतात, इथे जन्मापासूनच सगळीकडे सारखं असतं. आणि कोड काय किंवा हे काय, दोन्ही लागट नाहीत, एका ताटात जेवलं तरी काही होत नाही, हेही सांगावं लागतं म्हणून सांगते. रंग बनवायला टायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम, म्हणजे शरीरातलं काम घडवून आणणारं प्रथिन, लागतं. ते कसं बनवायचं याची माहिती ज्या जीनमध्ये असते (जीन म्हणजे आईबापाकडून आलेली शरीरासाठीची एक सूचना, आणि अशा पुष्कळ सूचना ज्या धाग्यावर ओवलेल्या असतात ते गुणसूत्र) तो ११ नंबरच्या गुणसूत्रावर आहे. तो बिघडला की पहिल्या प्रकारचा अल्बिनिझम होतो. दुसऱ्या प्रकारचा जीन १५ नंबरवर, तिसऱ्याचा ९ वर, चौथ्याचा ५ वर, आणि यापेक्षाही जास्त प्रकार आता सापडलेत. म्हणून तर सगळी वर्णकहीन माणसं सारखी दिसत नाहीत, कुणाचे केस आयुष्यभर पांढरेशुभ्र राहतात, कुणाचे वयानुसार सोनेरी, तपकिरी होत जातात.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक माणसाकडे या प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आमचं माहेर द्राक्षाच्या बागेचं, त्यामुळे मला हे असं समजलं की विहिरीवर दोन मोटारी बसवलेल्या आहेत, एक जळाली तरी दुसरी पाणी ओढते आणि बागेला कळतही नाही, दोन्ही जळाल्या तरच बाग वाळते. तसंच ज्याच्याकडे एक जीन चांगला आणि एक बिघडलेला आहे त्याच्या रंगावर काही फरक दिसत नाही, त्याला वाहक म्हणतात, आणि त्याला स्वतःला आयुष्यभर पत्ता लागत नाही. असे दोन वाहक नवरा-बायको म्हणून एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात ४ मध्ये १ शक्यता असते की बाळाला दोघांकडूनही बिघडलेलाच जीन मिळेल. ४ मध्ये २ शक्यता की बाळ आईबापासारखंच वाहक होईल, आणि ४ मध्ये १ की काहीच नसेल.

म्हणजे हे मूल व्हायला आई आणि बाप दोघांनी एकेक जीन द्यावाच लागतो. निम्मं निम्मं. माझ्या दादाने दिला नसता तर माझी भाची वर्णकहीन झालीच नसती. हे वाक्य मी आमच्या घरात सगळ्यांसमोर बोलले तेव्हा दादा उठून बाहेर गेला होता, पण नंतर त्यानेच मला फोन करून परत सगळं समजून घेतलं, आणि आता तो स्वतः सांगतो लोकांना.

आमच्या घराण्यात असं कुणी नाही हे आईचं म्हणणं पण खरंच होतं. पण त्यातून काही सिद्ध होत नाही. बिघडलेला जीन दहा पिढ्या गुपचूप चालत येऊ शकतो, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि समोरून तसाच दुसरा भेटेपर्यंत कुणाला दिसत नाही. जगात साधारण १७ ते २० हजारांमागे एक माणूस वर्णकहीन असतो असं सांगतात, आणि त्या हिशोबाने वाहक निघतात साधारण ७० मध्ये एक. ७० मध्ये एक म्हणजे किती जवळ बघा, आपली सिटी बस गच्च भरली तर त्यात एखादा असायचाच, आणि तो चारचौघांसारखाच दिसत असणार, सावळा किंवा काळा किंवा गोरा.

आणि हे काही कालपरवाचं शोधलेलं नाही. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ मध्ये व्याख्यानं देऊन सांगितलं होतं की अल्बिनिझम हा शरीरातल्या रसायनांच्या कामातला जन्मजात बिघाड आहे आणि तो घराण्यात ठरावीक नियमाने उतरतो. शंभराहून जास्त वर्षं झाली. आपल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सुद्धा वर्णकहीनता आहे, पोरं पाठ करून मार्क मिळवतात, पण तीच पोरं मोठी झाली की बाळंतिणीला ग्रहणाबद्दल विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फक्त डोळ्यांचा अल्बिनिझम म्हणून एक प्रकार असतो, त्याचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, आणि तो आईकडून मुलाला येतो, मुलींना सहसा होत नाही कारण त्यांच्याकडे दुसरा एक्स असतो. त्यात केस-कातडी जवळपास नेहमीसारखीच असते, त्रास फक्त डोळ्यांना. तिथे जीन आईकडून येतो हे खरं, पण येणं वेगळं आणि दोष असणं वेगळं, तिने काही निवडून दिलेला नसतो, तिलाही तो कुणाकडून तरी आलेलाच असतो.

भाचीनंतर चार वर्षांनी वहिनीला मुलगा झाला, तो आमच्यासारखा सावळा. त्याच्या आधी घरच्यांनी त्र्यंबकला जाऊन विधी करून घेतला होता. माझं विधीबद्दल काही म्हणणं नाही, मी स्वतः सोमवार करते, श्रद्धा ज्याची त्याची. पण मुलगा सावळा झाल्यावर सगळे म्हणाले बघा, दोष गेला, म्हणजे परत अर्थ तोच निघाला की दोष होता आणि तो वहिनीत होता. अहो ४ मध्ये ३ शक्यता तशीही होतीच की बाळ सावळं होईल! आणि उलट पण लक्षात ठेवा, पहिलं मूल वर्णकहीन झालं म्हणजे आता पुढची तीन सुटली असं पण नसतं. प्रत्येक वेळी नव्याने ४ मध्ये १. मागच्या बाळंतपणाचा हिशोब पुढच्याला लागू होत नाही. वडाळ्याकडची एक बाई मला दवाखान्यात भेटली होती, तिची दोन मुलं वर्णकहीन, तिला घरच्यांनी असं सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या वेळी झालं म्हणजे नक्कीच तुझंच काहीतरी आहे. मी तिला हे सगळं कागदावर काढून दिलं तर ती तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवून घेऊन गेली.

आता माझ्या मुलाचं. शांतपणे हिशोब करू. भाचीकडे दोन्ही जीन बिघडलेले आहेत, म्हणजे ती तिच्या प्रत्येक मुलाला एक बिघडलेला देणारच, त्यात शक्यता वगैरे काही नाही. दादा नक्की वाहक. त्याला तो आमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला, म्हणजे मी त्याची सख्खी बहीण, मी वाहक असण्याची शक्यता निम्मी. मी असले तर माझ्या मुलाकडे गेलेला असण्याची परत निम्मी, म्हणजे मुलगा वाहक असण्याची शक्यता ४ मध्ये १. तो वाहक असला तर प्रत्येक बाळाला तो जीन मिळण्याची परत निम्मी. सगळं मिळून ८ मध्ये १. आणि भाचीने नात्याबाहेरच्या मुलाशी लग्न केलं तर? तो वाहक असण्याची शक्यता ७० मध्ये १, त्याच्या निम्मी म्हणजे १४० मध्ये १. खरंतर त्याहून कमीच, कारण त्याचा बिघडलेला जीन भाचीच्याच प्रकारचा पण असायला लागतो.

कुठे ८ आणि कुठे १४०. बाहेर तिला कोण करणार म्हणणाऱ्या माझ्या भावकीतल्या बायकांनो, तिच्यासाठी बाहेरचंच बरं आहे हो.

तसंच तिच्या भावाचं. तो सावळा आहे म्हणजे सुटला असं नाही. तो वर्णकहीन नाही हे तर दिसतंय, मग उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोन वाहक असण्याच्या, म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता ३ मध्ये २. त्याच्यासाठी आत्तापासूनच वहिनीच्या माहेरी मामाची मुलगी बघून ठेवलीय, पोरगा अजून कॉलेजात आहे. वहिनी नक्की वाहक, म्हणून तिचा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी, त्याच्या मुलीची ४ मध्ये १. हिशोब केला तर त्यांच्या प्रत्येक बाळाला २४ मध्ये १ शक्यता येते. नात्याबाहेर केलं तर तीच ४२० मध्ये १. मी हे वहिनीच्या भावाला पण सांगितलंय, त्याला राग आला, पण ऐकून घेतलं.

नात्यातलं लग्न करू नका असा माझा प्रचार नाही. हजारो घरात झालीत, सुखाने नांदतायत, आमच्याच चुलत घरात आहेत. पण ज्या घरात एक वर्णकहीन मूल ऑलरेडी आहे त्या घराने त्याच रक्तात परत सोयरीक जुळवायच्या आधी एकदा डॉक्टरकडे बसून हे बोलून घ्यावं. आता टेस्ट होते. आधी वर्णकहीन माणसाचं रक्त घेऊन त्याचा नेमका कोणता जीन बिघडलाय ते बघतात, ते कळलं की घरातल्या बाकीच्यांचा फक्त तेवढाच जीन तपासायचा, वाहक आहे का नाही ते कळतं. माझा मुलगा वाहक नाही असं निघालं तर ही ८ मध्ये १ ची गोष्टच संपते. आम्ही करणार आहोत टेस्ट, पण भाचीशी लग्न लावायला नाही. ती दोघं लहानपणापासून एका घरात वाढल्यासारखी आहेत, ती त्याला दादा म्हणते, दोघांनाही हा विषय काढला की नको होतं. टेस्ट त्याच्या स्वतःच्या माहितीसाठी.

भाचीला हे गणित वाचून दाखवलं तेव्हा तिने मला एक प्रश्न विचारला, तो इथे लिहिते कारण तो खरा प्रश्न आहे. ती म्हणाली, आत्या, म्हणजे माझ्यासारखं मूल होऊ नये म्हणून हे सगळं करायचं का, माझ्यासारखं मूल झालं तर एवढं वाईट आहे का? मला पटकन बोलता आलं नाही. वाईट अजिबात नाही. तिचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख आहे, आयुष्यमान इतरांइतकंच असतं, एक-दोन दुर्मिळ प्रकार सोडले तर, ज्यात रक्त थांबत नाही किंवा प्रतिकारशक्ती कमी असते. तिला मुलं होतील, संसार होईल. तिच्या नवऱ्याने आणि तिने काय ठरवायचं ते त्यांनी ठरवावं, टेस्ट करावी किंवा करू नये. माझं म्हणणं एवढंच की माहिती असताना ठरवावं, आणि नंतर कुणीही बाईला एकटीला पकडून जाब विचारू नये. तिला हे पटलं असं ती म्हणाली. पण तिने विचारलं ते बरंच झालं, कारण नुसती गणितं सांगत सुटलं की समोर बसलेलं माणूस विसरायला होतं.

अजून एक सांगते, लोकांना खरं वाटत नाही. दोघंही नवरा-बायको वर्णकहीन असतील तर मुलं पण सगळी तशीच होणार ना? दोघांचा एकच जीन बिघडलेला असेल तर हो. पण दोघांचे वेगवेगळे जीन बिघडलेले असतील तर मुलं नेहमीच्या रंगाची होतात, कारण एकाने जे दिलं नाही ते दुसऱ्याने दिलेलं असतं. पॅट्रिक ट्रेव्हर-रोपर नावाच्या ब्रिटिश डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये अशा एका जोडप्याची माहिती छापली होती, आईवडील दोघं वर्णकहीन आणि मुलं नेहमीसारखी. आपल्याकडे असं झालं असतं तर त्या आईचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

आता डोळ्यांबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण रंगावर सगळे बोलतात आणि डोळ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. मेलॅनिन फक्त दिसण्यापुरतं नसतं. बाळ पोटात असताना डोळ्याचा पडदा नीट तयार व्हायला ते लागतं. ते नसलं की पडद्याच्या मधला जो बारीक बघायचा भाग असतो तो पूर्ण तयार होत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसा पण वेगळ्या वाटेने जातात, नेहमी साधारण निम्म्या त्याच बाजूला आणि निम्म्या पलीकडे जातात, इथे बहुतेक सगळ्या पलीकडेच जातात, म्हणून खोली, अंतर याचा अंदाज कमी येतो, जिना उतरताना पायरी चुकते. डोळे आपोआप डावीकडे उजवीकडे हलत राहतात, ते बाळ दोन-तीन महिन्यांचं असतानाच दिसायला लागतं. उजेड सहन होत नाही. चष्म्याने थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. भाचीला फळ्यावरचं पहिल्या बाकावरून पण वाचता येत नव्हतं आणि शाळेत तिला उंच आहे म्हणून शेवटच्या बाकावर बसवलेलं. एका बाईंनी तर, डोळे का नाचवतेस माझ्याकडे बघताना, म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं, तेही दुपारच्या उन्हात, संध्याकाळी चेहरा आणि मान भाजून लाल झालेली. मान तिरकी करून बघायची तिला सवय आहे, कारण त्या एका कोनात डोळे कमी हलतात आणि जरा बरं दिसतं, तर तिला सगळे सांगायचे मान सरळ ठेव, लग्नाला अडचण येईल. घरात आम्ही पण सांगायचो.

एका डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की मोठी झाली की येईल रंग, काळजी करू नका. रंग थोडा आलाही, केस पांढऱ्याचे पिवळसर झाले. पण नजरेचं कुणी बोललंच नाही आणि तिची पहिली काही वर्षं तशीच गेली. म्हणून ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं, पहिल्या काही महिन्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. डोळे हलतात म्हणून घाबरू नका, नजर सहसा वयानुसार आणखी खराब होत जात नाही. चष्मा, गडद काच, भिंग, लांबचं बघायची छोटी दुर्बीण असं बरंच काही मिळतं. आता तर मोबाइलने फार सोपं केलंय, भाची बस स्टॉपवर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बसचा नंबर वाचते. गाडी चालवता येत नाही याचं मात्र तिला फार वाटतं, तिच्या सगळ्या मैत्रिणी स्कूटीवर फिरतात, ती शेअर रिक्षाने.

उन्हाचं तर आपल्या नाशिककरांना सांगायला नकोच. एप्रिल-मे मध्ये आपल्यालाच घराबाहेर पडवत नाही. वर्णकहीन माणसाची कातडी उन्हाने भाजते आणि वर्षानुवर्षं तसं होत राहिलं तर कातडीचा कॅन्सर होऊ शकतो, हे गंभीर आहे. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन. शहरातल्या पोरी स्कार्फ-गॉगल लावतातच, त्यात भाची खपून जाते, पण सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडे शेतावर जाणाऱ्या पोराला कोण सनस्क्रीन आणून देणार, तीनशे-चारशे रुपयांची ट्यूब महिनाभर पण पुरत नाही. आपल्याकडे ते सौंदर्याचं साधन समजतात, या मुलांसाठी ते औषध आहे आणि सरकारी दवाखान्यातून ते फुकट मिळायला पाहिजे.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अल्बिनिझमचं नाव नाही, पण अल्पदृष्टी आहे, त्यातून या मुलांना मिळू शकतं, ४० टक्के किंवा त्यावर आलं तर सवलती लागू होतात. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जास्त मिळतात, लेखनिक मिळू शकतो. भाचीला दहावीला यातलं काहीच मिळालं नाही कारण आम्हाला माहितीच नव्हतं, बारावीला मिळालं आणि तिचे मार्क कुठल्या कुठे गेले. ज्या पालकांना माहिती नसेल त्यांनी दहावीची वाट न बघता आधीच अर्ज करावा.

माझी मागणी एकच आहे आणि ती होण्यासारखी आहे. आपल्या जिल्ह्यात आदिवासी पट्ट्यात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी आरोग्य खात्याची माणसं गावोगाव जातात, वाहक म्हणजे काय, दोन वाहकांचं लग्न झालं तर काय, हे लोकांना समजावतात. सिकल सेल पण असाच दोन्हीकडून येतो, ४ मध्ये १ चा नियम तोच. म्हणजे समजावणारी माणसं आहेत, भाषा आहे, तक्ते आहेत. त्याच बैठकीत वर्णकहीनतेसाठी पाच मिनिटं द्या, फक्त एवढं सांगा की हे दोन्ही घरांकडून येतं आणि बाळाचे डोळे लवकर दाखवा. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच म्हसरूळला आहे, त्यांनी मनावर घेतलं तर महिन्यातून एक दिवस जिल्ह्यातल्या अशा कुटुंबांना अनुवंशशास्त्राचा तज्ज्ञ नाशिकमध्येच भेटेल असं करता येईल. आशाताईंना आणि सुइणींना आधी सांगा, कारण बाळ बघून पहिलं वाक्य कोण बोलतं त्यावर त्या बाळंतिणीची पुढची बरीच वर्षं अवलंबून असतात.

१३ जूनला आंतरराष्ट्रीय अल्बिनिझम जागरूकता दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला, २०१५ पासून पाळतात. आफ्रिकेत टांझानियासारख्या देशात दीड हजारांमागे एक असं प्रमाण आहे आणि तिथे अंधश्रद्धेपोटी या लोकांवर हल्ले झाले, जीव गेले, त्यामुळे जगाचं लक्ष गेलं. आपल्याकडे तसं होत नाही, आपल्याकडे आईला बोलतात. आपण त्या दिवशी पेपरात डोळ्यांच्या आणि जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडून एक माहितीचा लेख लिहून घ्यावा, सोप्या मराठीत, शक्य असेल तर ते ४ मध्ये १ चं चित्र काढून, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल.

पत्र फार लांबलं, जागेअभावी कापायचं झालं तर शाळेचं आणि सर्टिफिकेटचं कापा, ते नंतर वेगळं लिहून पाठवेन. पण दोन्हीकडून येतं हे आणि ८ आणि १४० चं गणित तेवढं पूर्ण छापा, आमच्या भावकीत आपलाच पेपर येतो.

आपली,
एक आत्या
नाशिकरोड